चिऱ्याच्या घरात वायफाय: फूट नको, भिंती मोजा

फायबर जोडायला माणूस दारात येण्याआधी घराचा नकाशा कागदावर काढून ठेवा. तो आला की वायर जिथून सोपी आत शिरते तिथेच, बहुतेक वेळा पडवीच्या खिडकीपाशी, वायफायचा डबा, म्हणजे राउटर, ठोकतो. त्याला दिवसभरात आणखी घरं करायची असतात, त्याचं काही चुकत नाही. पण डबा एकदा तिथे बसला की पुढे कित्येक वर्षं घरातली माणसं नेटसाठी उठून पडवीत येतात.

मी गुहागर-दापोली पट्ट्यात घरांचं आणि होमस्टेंचं नेटवर्क बसवते. इथली जुनी घरं म्हणजे जांभ्याच्या चिऱ्यांच्या जाड भिंती, वर मंगलोरी कौलं आणि एकामागे एक खोल्या: पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी. राउटर घ्यायला गेलं की दुकानात पहिला प्रश्न येतो, "घर किती स्क्वेअर फूट?" या प्रश्नाच्या उत्तरावर पैसे खर्च करू नका. विचारायचं ते असं: डबा आहे तिथून माणूस बसतो तिथवर वाटेत भिंती किती, आणि कशाच्या?

याचा हिशोब सोपा आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६ डीबीनं (डेसिबल, सिग्नलची ताकद किती घटली ते मोजायचं माप) उतरतो. चिऱ्याची एक जाड भिंत ५ गिगाहर्ट्झवर (वायफायच्या नेहमीच्या दोन पट्ट्यांपैकी वेगवान, दुसरा २.४) एकटीच १२ ते १८ डीबी खाताना मी मोजलेली आहे. दर ३ डीबीला ताकद निम्मी होते, म्हणजे १५ डीबी गेले तर भिंतीपलीकडे बत्तिसावा हिस्सा पोचला. त्यात जांभा सच्छिद्र. पावसाळाभर तो ओल धरून बसतो, आणि पाणी या लहरी शोषून घेतं. २.४ गिगाहर्ट्झ भिंतीतून जरा बरं जातं, पण त्याचा वेग कमी आणि त्यावर गर्दी जास्त. ५ गिगाहर्ट्झची जागा ठरवताना कंदील डोळ्यांपुढे आणा: तो कुठे टांगला तर उघड्या दारातून पुढच्या खोलीत उजेड पडेल? जवळपास तीच अ‍ॅक्सेस पॉइंटची, म्हणजे वायफाय पसरवणाऱ्या यंत्राची, जागा.

मग नकाशावर माणसं मांडा, खोल्या नव्हे. गुहागर तालुक्यातलं एक घर उदाहरणाला घेते. मुलगा पुण्याच्या कंपनीचं काम माजघरालगतच्या खोलीत बसून करतो, दिवसभर व्हिडिओ कॉल. आजोबा संध्याकाळी पडवीत झोपाळ्यावर फोनवर कीर्तन लावतात. वहिनींचा फोन स्वयंपाकघरात फळीवर असतो, होमस्टेचं बुकिंग त्याच्यावर येतं. आणि विहिरीपलीकडे, वाडीत, पाहुण्यांच्या दोन खोल्या. घराचा मध्य काढून तिथे एक मोठा, सहा अँटेनांचा राउटर ठेवला असता तर पैसे वाया गेले असते. राउटर कितीही जोरात बोलला तरी फोनला उलट उत्तर द्यावं लागतं, आणि फोनचा आवाज लहानच असतो. म्हणून जोर वाढवण्यापेक्षा माणसाच्या जवळ जाणं केव्हाही चांगलं.

भिंतीला भोक पाडण्याआधी जागा तपासून घ्या. ही पायरी कुणी करत नाही, आणि मला हीच सगळ्यांत महत्त्वाची वाटते. राउटर उंच स्टुलावर ठेवा, एक्स्टेन्शन बोर्डावरून वीज द्या. इंटरनेट जोडलेलं नसलं तरी चालतं, कारण आपण फक्त सिग्नल मोजतोय. अँड्रॉइड फोनवर वायफाय मोजणारं एखादं फुकट अ‍ॅप टाका. ते सिग्नलच्या ताकदीचा आकडा डीबीएम या मापात दाखवतं, उणे चिन्हासह. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. दारं रात्री असतात तशी बंद करा. फोन वापरताना जसा धरतो तसाच धरा, एकदा राउटरकडे पाठ करून उभे राहा, आकडा स्थिर व्हायला अर्धा मिनिट द्या आणि नकाशावर त्या जागी लिहा. व्हिडिओ कॉल जिथे होणार तिथे -६५ च्या आसपास हवं, -६७ ही माझी शेवटची मर्यादा. -७० च्या खाली आयफोन दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट शोधू लागतो. -८० ला फोनवर एखादी काडी दिसते, काम मात्र होत नाही. उन्हाळ्यात मोजत असाल तर चिऱ्याच्या भिंतीपलीकडच्या जागांना चार-पाच डीबी हातचे राखा.

या घरात पडवीतला डबा तिथेच राहिला; झोपाळा आणि ओटी त्याच्यात भागतात. दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट माजघराच्या तुळईवर गेला, अशा बेतानं की त्याला मुलाच्या खोलीचं दार आणि स्वयंपाकघराचं दार दोन्ही दिसतील. गोल, चपटे अ‍ॅक्सेस पॉइंट छताला पालथे लावण्यासाठी केलेले असतात. कौलारू घरात सपाट छत नसतं, म्हणून तुळईच्या खालच्या अंगाला लाकडी पट्टी मारून त्यावर तो बसवायचा. कोनाडा दिसायला छान, पण तीन बाजूंनी चिरा, तिथे नको. पत्र्याचं कपाट, फ्रिज, टीव्हीची मागची बाजू, पाण्याची टाकी, मोठा आरसा, यांच्या आडही नको. स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह असेल तर तो २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात चालतो. त्याच्या शेजारी काही ठेवू नका.

आता वायर. "मेश घेतलं की वायर लागत नाही ना?" असं मला नेहमी विचारतात. मेश म्हणजे एकमेकांशी बोलून घरभर एकच वायफाय पसरवणाऱ्या डब्यांचा संच. बिनवायरीचं मेश एकमेकांशी त्याच भिंतींतून बोलतं ज्यांच्यामुळे आपण मेश घेतलं. शिवाय दोनच बँडचा संच असेल तर ऐकणं आणि पुढे पाठवणं एकाच रेडिओवर होतं, वेग साधारण निम्म्यावर येतो. वायर टाका. अस्सल तांब्याची कॅट ६ नेटवर्क केबल घ्या. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल त्याच नावानं स्वस्त मिळते. आतली एक तार ब्लेडनं खरवडून पाहा: पांढरी निघाली तर परत करा. तिच्यातून पीओईची, म्हणजे नेटच्याच केबलमधून यंत्राला द्यायची, वीज नीट जात नाही आणि ती वाकवताना तुटते. पीओईचा फायदा मोठा आहे. तुळईवर वेगळा प्लग लागत नाही, आणि ती वीज देणारा नेटवर्कचा स्विच इन्व्हर्टरवर असला की लाइट गेली तरी घरभर वायफाय राहतं. एका केबलची मर्यादा १०० मीटर, घरात ती कधी भरत नाही.

चिरा मऊ असतो, लांब बिटनं सहज भोक पडतं. केबलला आधी प्लग लावू नका. नुसती केबल ओवून मग टोकाला प्लग दाबून बसवला (क्रिंप केला) तर १० मिलिमीटरचं भोक पुरतं. भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं असू द्या, आणि केबल आत शिरण्याआधी तिला खाली झोल द्या म्हणजे पावसाचं पाणी झोलाच्या टोकावरून गळून जातं. माळ्यावरून केबल नेताना पीव्हीसी पाइपातूनच न्या, उंदीर आणि खारी उघडी केबल सोडत नाहीत. विजेच्या वायरिंगपासून हातभर लांब ठेवा, ओलांडायचीच तर काटकोनात. देवघराच्या भिंतीला हात लावण्याआधी घरातल्या मोठ्या माणसाला विचारा. बहुतेक वेळा दुसरी वाट निघतेच.

वाडीतल्या खोल्यांसाठी मात्र तांब्याची केबल टाकू नका, अंतर कितीही कमी असो. मे महिन्यात पावसाआधी आणि पुन्हा ऑक्टोबरात इथे विजा कडाडतात. जवळ कुठे वीज पडली तरी दोन इमारतींमधल्या तांब्यात दाब उसळतो आणि दोन्ही टोकांची यंत्रं जळतात. फायबर टाका, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि साधी नेटवर्क केबल जोडून देणारा डबा) लावा. काचेतून वीज वाहत नाही. फायबरला आधाराची पोलादी तार असेल तर ती भिंतीबाहेरच कापा, आत नेऊ नका. पाहुण्यांच्या खोल्यांचा अ‍ॅक्सेस पॉइंट दोन्हींच्या सामाईक व्हरांड्यात बसतो, पण उघड्यावर असेल तर बाहेरच्या वापराचाच घ्या. खारा वारा साध्या यंत्राचे जोड लवकर गंजवतो.

सेटिंगचं थोडक्यात सांगते. जुना राउटर दुसऱ्या जागी वापरणार असाल तर त्याला अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे घरात यंत्रांना नेटवर्कचे पत्ते (आयपी) वाटणारा एकच राहील. सगळीकडे नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार एकच ठेवा, पाहुण्यांचं नेटवर्क तेवढं वेगळं. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६, ११ यांपैकीच चॅनेल, शेजारशेजारच्या दोन अ‍ॅक्सेस पॉइंटना वेगवेगळं, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ५ गिगाहर्ट्झवर एकाला ३६, दुसऱ्याला १४९. आणि २.४ ची ताकद मध्यमवर आणा. ती पूर्ण ठेवली तर फोन पडवीतल्या डब्याला चिकटून स्वयंपाकघरापर्यंत येतो आणि डोक्यावरच्या अ‍ॅक्सेस पॉइंटकडे बघतही नाही.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना यातलं बरंच लागू आहे, पण तिथे अडथळे वेगळे. आरसीसीच्या स्लॅबमधून सिग्नल खालच्या मजल्यावर जाईल असं धरू नका. बाथरूमच्या फरशा आणि पाइप दोन खोल्यांच्या मध्ये येतात, त्यांना वळसा घाला. दोन बेडरूमच्या घरात पॅसेजच्या छताला एकच अ‍ॅक्सेस पॉइंट बहुधा पुरतो. मात्र शेजाऱ्यांची गर्दी असते, तेव्हा ५ गिगाहर्ट्झची रुंदी ८० ऐवजी ४० ठेवा. रंगकाम किंवा फर्निचर निघालं असेल तर त्याच आठवड्यात पाइप टाकून घ्या, वायर नंतर ओढली तरी चालेल.

सगळं बसलं की एक व्हिडिओ कॉल लावा आणि तो चालू ठेवून पडवीपासून मागच्या दारापर्यंत सावकाश चाला. कुठे चित्र थिजलं ते नकाशावर लिहा. नकाशा आणि आकडे मीटरच्या पेटीत चिकटवून ठेवा, आणि जुलैत भिंती ओल्या झाल्या की त्याच जागांवर उभं राहून पुन्हा मोजा. कुठे आकडा -७० च्या खाली गेला असेल तर राउटर बदलायला धावू नका. आधी अ‍ॅक्सेस पॉइंट तुळईवर हातभर दाराकडे सरकवून बघा.