इंग्रजी वाक्यातला गाळलेला शब्द सापडत नाही? या चुका टाळा

सांगलीत एमपीएससी, बँकिंगचा अभ्यास करणाऱ्या पोरांचं स्पेलिंग, टेन्स बऱ्यापैकी पक्कं असतं, घोळ होतो तो वाक्यात न लिहिलेल्या शब्दापाशी. मराठीत नुसतं 'गेली का?' विचारलं तरी भागतं, क्रियापदातच लिंग कळतं. इंग्रजीतल्या 'वेन्ट'मधून ते कळत नाही, म्हणून ही, शी, इट लिहावंच लागतं. तरी 'इज रेनिंग' लिहून मोकळे होणारे आहेतच.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे 'द बस गोज टू मिरज इज लेट'. आता तुम्ही म्हणाल 'द बस आय मिस्ड' चालतं, मग हे का नाही? तर 'दॅट' गाळलेल्या जागेनंतर लगेच नवा कर्ता आला, इथं 'आय', तर गाळा बिनधास्त, पण तिथं थेट क्रियापद येत असेल तर 'दॅट' ठेवायचाच, 'द बस दॅट गोज टू मिरज इज लेट'.

'शी लाइक्स भडंग मोर दॅन मी' हे वाक्य बघा. मला भडंग जेवढं आवडतं त्यापेक्षा तिला जास्त आवडतं, का तिला माझ्यापेक्षा भडंगच प्रिय? दोन्ही अर्थ निघतात. पहिला हवा असेल तर 'दॅन आय डू' लिहा, दुसरा हवा असेल तर 'दॅन शी लाइक्स मी'. लग्न ठरलेल्यांनी तर हे नीट बघूनच मेसेज करावा.

मग येतं खरं डोकं फिरवणारं. 'द ट्रेडर सोल्ड द ओल्ड टर्मरिक कम्प्लेन्ड'. वाचताना वाटतं व्यापाऱ्यानं जुनी हळद विकली, आणि शेवटी 'कम्प्लेन्ड' आलं की सगळं कोसळतं. यात 'हू वॉज' गाळलंय, म्हणजे ज्या व्यापाऱ्याच्या गळ्यात जुनी हळद मारली त्यानं तक्रार केली. अशा वाक्यांना गार्डन पाथ म्हणतात, भाषेचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ थॉमस बीव्हर यांचं १९७० मधलं 'द हॉर्स रेस्ड पास्ट द बार्न फेल' हे त्यातलं गाजलेलं. वाक्यात दोन क्रियापदं दिसली आणि जोडणारा शब्द नसला की पहिल्याच्या आधी 'हू वॉज' किंवा 'विच वॉज' घालून बघा. स्वतः लिहिताना मात्र असलं गाळू नका राव.

'आय वुड' आणि 'आय हॅड' या दोन्हींचं छोटं रूप असलेल्या 'आयड'चं (I'd) सोपं आहे. पुढं 'गो' असेल तर वुड, 'गॉन' असेल तर हॅड. अपवाद 'आयड बेटर गो', तिथं हॅडच. 'पुट', 'कट'चं पहिलं आणि तिसरं रूप सारखंच असतं, म्हणून वुड का हॅड ते त्यावरून कळत नाही, तिथं आजूबाजूची वाक्यं वाचल्याशिवाय पर्यायाला टिक करू नका.