ॲटिकमध्ये एसीचं युनिट? आधी या चुका टाळा

डॅलस-ह्यूस्टनकडे नवं घर बांधून घेणारी मराठी मंडळी किचनच्या ओट्यावर महिनाभर खल करतात. फर्नेस (हवा तापवणारी भट्टी) आणि कॉइल (हवा गार करणारा भाग) कुठे बसणार, असं विचारलं की मात्र नुसतं वर बोट दाखवतात. तिकडे बहुतेक घरांना बेसमेंट नसतं, त्यामुळे हे युनिट ॲटिकमध्ये, म्हणजे छपराखालच्या पोकळीत, जाणं ओघानंच आलं. पण ॲटिक म्हणजे अडगळीचा माळा नव्हे.

ट्रसची ऑर्डर गेल्यावर जागा शोधणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. छपराचे ट्रस (लाकडी त्रिकोणी सांगाडे) कारखान्यातून तयार येतात आणि त्यांच्या तिरक्या दांड्या ॲटिकभर आडव्या येतात. मग युनिट आत जाईना की कोणीतरी करवत काढतो. इंजिनिअरच्या लेखी डिझाइनशिवाय ट्रसची एकही दांडी कापायची नाही. 'एकच तर कापली' हे कारण इन्स्पेक्टरपुढे चालत नाही.

युनिटची जागा, वजन आणि जायची वाट ऑर्डरच्या आधी ट्रस डिझायनरला नकाशावर द्या. मधला भाग तो मोकळा ठेवू शकतो. अमेरिकेतल्या निवासी कोडची (बांधकाम नियमावलीची) मापं अशी: ॲटिकचं तोंड किमान 20×30 इंच, आणि सगळ्यात मोठं उपकरण बाहेर निघेल एवढं. वाट 30 इंच उंच, 22 इंच रुंद, तिच्यावर 24 इंची पक्की फळी. युनिटसमोर 30×30 इंच सपाट जागा. दिवा आणि प्लग युनिटजवळ, दिव्याचं बटण तोंडापाशी. ही किमान मापं आहेत. यात मेकॅनिक रांगतच काम करणार. उन्हाळ्यात ॲटिक 130 अंश फॅरनहाइटपर्यंत तापतं, तिथे रांगत केलेली सर्व्हिस कशी होईल ते ओळखा. सरळ घडीचा जिना बसवा, तोही पॅसेजमध्ये. बेडरूमच्या कपाटात नको.

पाण्याची वाट एकच ठेवणं

दमट हवेत कॉइलमधून दिवसाला कित्येक गॅलन पाणी गळतं. पाऊण इंची नळीत शेवाळ साचतं, नळी तुंबते, पाणी युनिटखालच्या पॅनमध्ये (उथळ ट्रेमध्ये) उतरतं. पॅनची नळी पुढे त्याच तुंबलेल्या नळीला जोडलेली असली (नळीचे एल्बो-टी असे जोड वाचवायला हा उद्योग होतो), तर पॅनही भरतो. ऑगस्टमध्ये घरातले भारतात, एसी चालूच. परत येऊन पाहावं तर वरच्या बेडरूमचं जिप्समचं छत पलंगावर, आणि इन्सुलेशनचा लगदा गादीत!

पॅन किमान दीड इंच खोल, युनिटपेक्षा लांबी-रुंदीला 3 इंच मोठा हवा. त्याची नळी वेगळी न्या आणि खिडकीच्या वर बाहेर काढा, म्हणजे थेंब दिसले की कळतं. कोड दुसऱ्या नळीऐवजी फ्लोट स्विचही (पाणी चढलं की युनिट बंद करणारं बटण) चालवून घेतं. आपण दोन्ही लावायचं. मुख्य नळीला फुटामागे पाव इंच उतार द्या. कोडचा अष्टमांश अगदीच काठावरचा आहे. ताबा घेताना पॅनमध्ये बादलीभर पाणी ओतून युनिट बंद पडतं का, ते बघा. सुपरवायझर घाईत असला तरी.

बाकीच्या

फ्लेक्स डक्ट (हवेची लवचीक नळी) सैल सोडू नका. ताणून घ्या, दर 4 फुटांना पट्टा द्या, इन्सुलेशन आर-8 (उष्णता अडवण्याचं माप) दर्जाचं.

सांध्यांना कापडी टेप नको, मॅस्टिक (सांधे बुजवायचा लेप) लावा.

एसीच्या क्षमतेचा '500 चौरस फुटांना एक टन' हा हिशोब आळशी लोकांचा. 'मॅन्युअल जे' (घराला किती गारवा-उष्णता लागेल ते मोजायची पद्धत) प्रमाणे केलेली गणितं मागा.

छताला आतून स्प्रे फोम करणार असाल तर गॅस फर्नेस सीलबंद ज्वलनाचाच (जळायला बाहेरची हवा नळीने घेणारा) घ्या. बंद ॲटिकमधली हवा त्याला पुरत नाही.

फिल्टर वर ठेवला तर कोणी बदलत नाही. तो खालच्या रिटर्न जाळीतच (घरातली हवा युनिटकडे परत ओढणाऱ्या जाळीत) ठेवा.