स्पॅनिशमध्ये मालकी सांगताना या चुका टाळा

बेळगावात स्पॅनिश शिकणारी पोरं वाढलीत, चुका मात्र दर बॅचला त्याच. अ‍ॅपवरचा सलग दिवसांचा आकडा तुटू नये म्हणून जिवाचा आटापिटा करायचा, 'द्वेन्यो म्हणजे मालक, इन्किलिनो म्हणजे भाडेकरू' असं घोकायचं, आणि वाक्य करायला सांगितलं की छताकडे बघायचं!

सगळ्यात महागात पडतं ते 'अल्किलार'. अ‍ॅप सांगतं 'भाड्याने', आणि पोरं तिथेच थांबतात. भाड्याने देणं की घेणं, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. हे क्रियापद दोन्हीकडे चालतं. शहापूरचा एक विद्यार्थी शिकायला व्हॅलेन्सियाला निघाला होता. खोली हवी म्हणून त्याने एका ग्रुपवर ऐटीत टाकलं, 'अल्किलो आबितासियोन'. संध्याकाळपर्यंत मेसेजचा पाऊस. भाडं किती, वीज-पाणी धरून का, फोटो पाठवा. पोरगं खूश, तिकडची माणसं किती आपुलकीने चौकशी करतात म्हणून! एकाने 'फियान्सा', म्हणजे अनामत, किती असं विचारलं तेव्हा कुठे स्क्रीनशॉट माझ्याकडे आला. जाहिरातीत 'अल्किलो' म्हटलं की लोक तुम्हाला देणारा समजतात. गडी शहापुरात बसून व्हॅलेन्सियातली खोली भाड्याने देत होता. खोली हवी असेल तर 'बुस्को आबितासियोन' म्हणा, विषय संपला.

दुसरं दुखणं 'सु'. त्याचं, तिचं, त्यांचं, आदराने 'तुमचं' म्हणायचं ते 'आपलं', सगळ्याला हे एकच. 'सु कासा' ऐकून लगेच 'त्याचं घर' लिहून मोकळे होऊ नका. मेक्सिकोत तर माणूस स्वतःच्याच घराला पाहुण्यासमोर 'सु कासा' म्हणतो, आपण 'आपलंच घर आहे, या' म्हणतो तसं. घोळ होतोय वाटलं तर 'ला कासा दे एया', तिचं घर, असं सरळ सांगावं.

माझी सवय विचाराल तर घरातला जमिनीचा उतारा काढायचा. तो कन्नडमध्ये असला तरी कोणता गट कुणाच्या नावावर हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. 'नावावर'साठी स्पॅनिशमध्ये हुबेहूब 'आ नोम्ब्रे दे' आहे. 'एल तेर्रेनो एस्ता आ नोम्ब्रे दे मि आब्वेलो', जमीन आजोबांच्या नावावर आहे. मग वारस 'एरेदेरो', गहाण 'इपोतेका', खरेदीखत 'एस्क्रितुरा' आपसूक येतात. खानापूरकडच्या मुलांना तर वाटणीचं भांडणसुद्धा स्पॅनिशमध्ये रंगवता येतं. यादी पाठ करणाऱ्यांना हे वेळखाऊ वाटतं. वाटू दे.

'आमचं घर' म्हणताना 'नुएस्त्रो कासा' म्हणू नका, 'नुएस्त्रा कासा' म्हणा, कारण 'कासा' स्त्रीलिंगी. लिंग वस्तूचं बघायचं, मालकाचं नाही. मराठीत 'आमची गाडी' म्हणताना कधी चुकता का? इंग्रजीतून शिकायला गेलं की हे होतं.

गाडी असो, भाऊ असो की घर, 'माझ्याकडे', 'मला', 'माझं' या तिन्हींना एकच 'तेंगो'. गोव्याला जाऊन-येऊन असणाऱ्यांनी 'द्वेन्यो'च्या जागी मालकासाठीचा पोर्तुगीज 'दोनु' खपवू नये. 'एम्बार्गो' दिसलं तर व्यापारबंदीच समजू नका, मालमत्तेच्या कागदात ती जप्ती असते. आणि 'रेंता' मेक्सिकोत भाडं असलं तरी स्पेनमध्ये 'देक्लारासियोन दे ला रेंता' म्हणजे प्राप्तिकराचं विवरणपत्र, तेव्हा घरमालकाला ते मागत बसू नका.