खपलीच्या चट्ट्याची बायोप्सी: या चुका टाळा

बायोप्सीतून काहीच ठरलं नाही की बोल पॅथॉलॉजिस्टला लागतो. बहुतेक वेळा घोळ त्याआधीच, चट्टा निवडताना झालेला असतो.

सगळ्यात महागात पडते ती ट्यूब. ऊसतोडीहून परतलेल्या माणसाने हंगामभर मेडिकलवरची मिश्र मलमाची ट्यूब चोळलेली असते. त्यातल्या स्टिरॉइडने गजकर्णाची उठावदार कड पुसली जाते, खपली उतरते आणि चट्टा सोरायसिस किंवा एक्झिमासारखा दिसू लागतो. रिकामी ट्यूब मागवा, तिच्यावर क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोन आहे का ते वाचा. शक्य असेल तर असं मलम 2 ते 3 आठवडे बंद ठेवून मगच बायोप्सी करा. स्टिरॉइडच्या गोळ्या मात्र एकदम तोडू नका, सोरायसिस पुवाच्या फोडांसह उसळू शकतो.

बायोप्सीची घाई करण्याआधी वाढत्या कडेची खपली खरवडून 10 टक्के केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात) 15-20 मिनिटं ठेवा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी शोधा. मधल्या भागातून खरवडलं तर ती बऱ्याचदा हाती लागत नाही.

दाखवला तेवढाच चट्टा पाहू नका. डोकं, नखं, बेंबी, माकडहाड, तोंड सगळं तपासा. नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे सोरायसिसकडे बोट दाखवतात, गालाच्या आतली पांढरी जाळी लायकेन प्लॅनस या त्वचेच्या आजाराकडे. सावळ्या कातडीवर लाली जांभळट किंवा करडी दिसते, म्हणून ‘सूज नाही’ असं लिहून मोकळं होऊ नका. फिकट, कोरडा चट्टा कापसाने स्पर्शून पाहा. बधिर असेल तर आधी कुष्ठरोगाचा विचार करा. तळहात-तळपायांवरही पुरळ असेल तर व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिसची रक्ततपासणी करा.

बायोप्सीसाठी मलम न लागलेला, पूर्ण वाढलेला चट्टा निवडा. खाजवून सोललेली जागा आणि शक्यतो गुडघ्याखालचा पाय टाळा. 4 मिमी पंच (गोल पात्याचं बायोप्सीचं हत्यार) चरबीपर्यंत न्या. तुकडा चिमट्याने दाबलात तर पेशी चिरडतात. सुईच्या टोकाने उचलून मुळाशी कापा. कोरड्या गॉजमध्ये तर कधीच ठेवू नका, मराठवाड्याच्या उन्हात तो लगेच वाळतो. तुकड्याच्या किमान 10 पट, 10 टक्के फॉर्मेलिनमध्ये बुडवा.

फॉर्मवर नुसतं ‘त्वचारोग’ लिहू नका. जागा, किती दिवसांचा चट्टा, लावलेली औषधं आणि मनातली दोन-तीन निदानं लिहा. बुरशीची शंका असेल तर पीएएस ही बुरशी उठून दिसणारी रंगक्रियाही मागा.