शिवारात ऊन आणि नदीला पूर: पंचगंगाकाठच्या शेतकऱ्यांसाठी जुलै-ऑगस्टचा सल्ला

शिरोळकडं लख्ख ऊन पडलेलं असतं आणि नदी मात्र इंचाइंचानं चढत असते. दरवर्षी असं होतं, तरी दरवर्षी कुणाची ना कुणाची मोटर बुडते. आपण आपल्या डोक्यावरचं आभाळ बघतो, आणि पंचगंगेचं पाणी ठरतं गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीच्या डोंगरात. शिरोळच्या कितीतरी पट पाऊस एकट्या गगनबावड्यात पडतो. म्हणून रोज सकाळी तिथला आकडा आधी बघा.

आपलं खोरं पसरलेल्या तळहातासारखं आहे. कुंभी आणि तुळशी भोगावतीला मिळतात, पुढं प्रयाग चिखलीला कासारी येते. सगळ्या पश्चिमेच्या डोंगरातूनच निघालेल्या, त्यामुळं घाटात एकदम झोड उठली की त्यांचे लोंढे थोड्याफार फरकानं एकाच वेळी कोल्हापूरपाशी पोहोचतात. लांबट खोऱ्यात पाणी टप्प्याटप्प्यानं उतरतं. इथं ते सवड देत नाही. पाऊस थांबल्यावरही पातळी चढत राहते, तेव्हा उघडीप दिसली म्हणून निर्धास्त राहू नका.

वर तीव्र उतार, खाली सपाटी. करवीर-पन्हाळ्याच्या वरच्या पट्ट्यात पाणी झपाट्यानं येतं आणि तुलनेनं लवकर ओसरतं. शिरोळ तालुक्यात मात्र नृसिंहवाडीला, जिथं पंचगंगा कृष्णेला मिळते, कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेला पुढं वाटच मिळत नाही. फुगवट्याचं पाणी दिवसच्या दिवस रानात उभं राहतं. ऊस दोन-तीन दिवस सोसतो, पण शेंडा आठवडाभर बुडाला तर कुजतो. सोयाबीन तर त्याआधीच जातं; नदीलगतच्या मळीत, म्हणजे काठच्या सखल गाळाच्या रानात, ते घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

जूनचा पाऊस तापलेल्या जमिनीत मुरतो. जुलै सरता सरता माती भिजून गच्च होते, धरणं भरत येतात, आणि तेवढ्याच पावसाचं कितीतरी जास्त पाणी नदीत उतरतं. कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. जुलै २०२१ मध्ये पाणी ५६ फुटांवर गेलं, ऑगस्ट २०१९ मध्ये ५५ फुटांच्या वर. राधानगरी धरणाचे ७ दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरलं की ते आपोआप उघडतात, एकेका दरवाज्यातून १४२८ क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट) पाणी येतं. म्हणून धरण भरत आल्याची बातमी हीच आपली सूचना समजा.

मोटर आणि स्टार्टर काढायला इशारा पातळीची वाट बघू नका. राजाराम बंधारा पाण्याखाली गेला आणि घाटात जोर कायम असेल, तर त्याच दिवशी वीज बंद करून सगळं वर आणा. वैरण आणि जनावरांची उंचावरची जागा आधीच ठरवा. जोरदार पावसाचा अंदाज असताना युरिया टाकू नका, तो थेट नदीला जातो.

उसाच्या आडसाली, म्हणजे जुलै-ऑगस्टमधल्या, लावणीची घाई मळीत तरी नको. उंचावरच्या रानात एक डोळ्याची रोपं तयार करा आणि पुराचा धोका टळल्यावर लावा. बियाणं वाया जात नाही, महिनाभराची वाढही हातात राहते.

आणि कळकळीनं सांगतो, दोन सऱ्या वाढाव्यात म्हणून बांधालगतचा ओढा बुजवू नका. पूर ओसरताना रानातलं पाणी त्याच वाटेनं बाहेर पडतं. जुने चर आत्ताच, वाफसा मिळेल (माती कामाजोगी सुकेल) तेव्हा, उकरून मोकळे करा.

पाणी उतरल्यावर आधी रानाचे फोटो काढा आणि पंचनाम्यासाठी तलाठी, कृषी सहाय्यकांना कळवा. मग चर काढून साचलेलं पाणी बाहेर काढा आणि वेगवेगळ्या ठिकाणचे आठ-दहा ऊस शेंड्याशी उभे चिरून बघा. आतला कोंब पांढरा असेल तर ऊस वाचला. पोंग्यातला, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांतला, गाळ धुऊन खताचा हप्ता द्या. कोंब तपकिरी पडून वास येत असेल तर तो ऊस वाढणार नाही, नुसत्या पांगशा (कांड्यांवरचे बाजूचे फुटवे) फुटतील. अशा उसाची नोंद कारखान्याच्या गटकार्यालयात देऊन लवकर तोड मागा.