नव्या वैमानिकासाठी: टेकऑफ आणि लँडिंग कसे सुधारावे

पीपीएल (खासगी वैमानिकाचं लायसन्स) हाती आलं की शेजारच्या सीटवरून चूक तिथल्या तिथे दाखवणारा इन्स्ट्रक्टर उरत नाही. भारतात हे लायसन्स किमान ४० तासांच्या उड्डाणावर मिळतं. तेवढ्या तासांत विमान सुखरूप उतरवता येतं. पण दरवेळी ठरवलेल्या जागी, ठरवलेल्या वेगाने उतरवणं हे पुढे कमवावं लागतं. माझं ठाम मत आहे की बहुतेक वाईट लँडिंगचं मूळ शेवटच्या दहा फुटांत नसतं, फायनलवरच्या, म्हणजे धावपट्टीकडे सरळ उतरत येण्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या, वेगात असतं. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा त्यालाच दिली आहे. आकडे सेसना १७२ एसचे आहेत. तुमचं विमान वेगळं असेल तर त्याच्या हँडबुकमधले घ्या.

१. निघण्याआधी हिशोब करा

वारा धावपट्टीशी ३० अंशात असेल तर त्याचा निम्मा जोर आडवा लागतो, ४५ अंशात साधारण ७० टक्के, ६० अंशात जवळजवळ ९० टक्के. या विमानासाठी प्रात्यक्षिकात दाखवलेला आडवा वारा १५ नॉटचा आहे. तुमची स्वतःची मर्यादा सध्या त्याहून बरीच कमी ठेवा आणि ती घरूनच ठरवून निघा.

उन्हाळ्यात घनता-उंची (हवा पातळ झाल्यामुळे विमानाला जाणवणारी उंची) काढल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. दख्खनच्या पठारावर २००० फुटांवरची धावपट्टी धरा. तिथलं प्रमाण तापमान ११ अंश. दुपारी पारा ४० वर गेला की २९ अंशांचा फरक, प्रत्येक अंशाला सुमारे १२० फूट, म्हणजे विमानाच्या लेखी ती धावपट्टी ५५०० फुटांवर आहे. इंजिन, प्रोपेलर आणि पंख तिघांचीही ताकद घटते. एप्रिल-मे महिन्यांत सराव पहाटेचाच ठेवा; दुपारच्या उसळत्या हवेत नवशिक्याला स्वतःची चूक कोणती आणि हवेचा धक्का कोणता हे कळत नाही.

२. टेकऑफ: उजवा पाय जागा ठेवा

टाचा जमिनीवर, म्हणजे नकळत ब्रेक लागत नाही. योक (हातातलं सुकाणू) वाऱ्याच्या बाजूला पूर्ण वळवलेलं, वेग वाढेल तसं ते हळूहळू सोडत जायचं. थ्रॉटल तीन-चार सेकंदांत सावकाश पुढे. नाक डावीकडे ओढलं जाईल, ते उजव्या रडरने (पायाच्या पेडलने) मध्यरेषेवर धरा. रेषा सुटल्यावर दुरुस्त करण्यापेक्षा थ्रॉटलबरोबरच पाय दाबायला सुरुवात करा.

५५ नॉटला नाक अलगद उचला, मग ७४ नॉटने चढा. विमान घाईने ओढून काढू नका. जमिनीलगत, साधारण पंखांच्या लांबीइतक्या म्हणजे ११ मीटर उंचीपर्यंत, विमान कमी वेगातही तरंगतं. त्याच्या वर गेल्यावर ते चढेनासं होतं, आणि तापलेल्या दुपारी हे जिवावर बेतू शकतं. अर्धी धावपट्टी संपेपर्यंत उचलण्याच्या वेगाच्या ७० टक्के, म्हणजे सुमारे ३९ नॉट, गाठले नसतील तर थ्रॉटल मागे घ्या आणि थांबा.

३. फायनल: वेग ६५, ट्रिम केलेला

फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) पूर्ण, ६५ नॉट, आणि ट्रिम (योकवरचा जोर काढून घेणारं चाक) इतका नेमका की योक दोन बोटांनी धरता यावं. ट्रिम न करता हाताच्या जोरावर वेग धरणारा वैमानिक रेडिओवर बोलायला लागला की वेग भटकतो. खाली येण्याचा दर साधा आहे: जमिनीवरचा वेग गुणिले पाच. वारा नसेल तर मिनिटाला सुमारे ३२५ फूट.

काचेतून धावपट्टीवरचा एक ठिपका निवडा. तो काचेत जागचा हलत नसेल तर तुम्ही बरोबर तिकडेच चालला आहात. वर सरकला तर आधीच टेकाल, खाली सरकला तर पुढे जाल. पापीचे (धावपट्टीशेजारी उतरण्याचा कोन दाखवणाऱ्या दिव्यांचे) दोन पांढरे, दोन लाल दिवे हेच सांगतात. पण ते नसलेल्या धावपट्टीवरही उतरायचं असतं, म्हणून डोळा तयार करा.

दहा नॉट जास्त ठेवले तर काय बिघडतं? ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ६५ ऐवजी ७५ म्हणजे सुमारे ३३ टक्के जास्त ऊर्जा, आणि ती जिरेपर्यंत विमान धावपट्टीवरून तरंगत राहतं. कंटाळून ते खाली ढकललं की पुढचं चाक आधी आपटतं. झोत असतील तर त्यांचा निम्मा फरकच मिळवा: वारा १२, झोत २० असेल तर ६५ अधिक ४.

पठारावरच्या उन्हात त्याच ६५ ला जमीन नेहमीपेक्षा भरभर धावताना दिसते. घाबरून वेग कमी करू नका. वेगदर्शकावरचा आकडाच खरा धरा. ५०० फुटांवर वेग, उतार आणि दिशा तिन्ही जुळलेली नसतील तर गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा चढणं.

४. फ्लेअर: नजर दूर

फ्लेअर म्हणजे टेकण्याआधी नाक हळूहळू उचलून वेग संपवणं. नजर नाकासमोरच्या डांबरावर राहिली तर उंचीचा अंदाज चुकतो. १०-१५ फुटांवर नजर धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला न्या, थ्रॉटल पूर्ण मागे, आणि योक थोडं थोडं ओढत विमान टेकू न देण्याचा प्रयत्न करत राहा. वेग संपला की मुख्य चाकं स्वतःच टेकतात. अरुंद धावपट्टीवर आपण उंच असल्याचा भास होतो आणि फ्लेअर उशिरा होतो. रुंदवर नेमकं उलटं.

आडवा वारा असेल तर त्या बाजूचा पंख खाली, उलट रडरने नाक रेषेत, आणि वाऱ्याकडचं चाक आधी. टेकल्यावर योक वाऱ्याकडे वाढवत न्या.

विमान उसळलं तर नाक दाबू नका. दोन-तीन उसळ्यांत प्रोपेलर जमिनीला लागू शकतो. छोटी उसळी स्थिर धरून पुन्हा उतरवता येते, मोठीला गो-अराउंडच.

५. गो-अराउंड दर सरावात एकदा करा

फुल थ्रॉटल, उजवा पाय, फ्लॅप लगेच २० वर, विमान चढतंय हे पाहून बाकीचे टप्प्याटप्प्याने. फायनलच्या ट्रिममुळे नाक जोरात वर उठेल. ते पुढे दाबून धरायला लागणारी ताकद आधीच अनुभवलेली हवी. हे पहिल्यांदा इन्स्ट्रक्टरबरोबरच करा.

सरावात टच-अँड-गोपेक्षा (टेकून लगेच पुन्हा उडण्यापेक्षा) पूर्ण थांबणारी लँडिंग जास्त घ्या, कारण टेकल्यानंतरचं रडर आणि योक टच-अँड-गोमध्ये शिकायचंच राहतं. प्रत्येक सर्किटला (उडून, फेरी मारून उतरण्याच्या एका खेपेला) एकच गोष्ट निवडा, आणि उतरल्यावर लॉगबुकशेजारच्या वहीत फायनलचा वेग, टेकल्याची जागा आणि मध्यरेषेपासूनचं अंतर लिहा. पुढच्या वेळी इन्स्ट्रक्टरबरोबर उडाल तेव्हा ती वही त्यांच्यासमोर ठेवा.