रात्री दवाखान्याची वेळ आली तर: तालुक्यातली इमर्जन्सी सेवा कोण चालवतं आणि अडलं तर कुणाला धरायचं

रात्री-अपरात्री कुणाला साप चावतो, कुणाच्या छातीत कळ येते, आणि आपण मिळेल ती गाडी काढून जवळचा सरकारी दवाखाना गाठतो. तिथं डॉक्टर नसला किंवा औषध संपलेलं असलं की समोर दिसेल त्या सिस्टरवर सगळा राग निघतो, पण तिच्या हातात ना औषधाची खरेदी असते ना डॉक्टरची ड्युटी. मला मनापासून वाटतं की कुठला दवाखाना कुणाच्या अखत्यारीत येतो एवढं जरी घरातल्या एका माणसाला पक्कं माहीत असलं तरी खूप फरक पडतो, म्हणून हे नीट लिहितोय. सगळं महाराष्ट्रातल्या ग्रामीण भागाबद्दल आहे.

प्राथमिक आरोग्य केंद्र म्हणजे पीएचसी आणि त्याखालची उपकेंद्रं जिल्हा परिषदेची. तालुक्याला टीएचओ म्हणजे तालुका आरोग्य अधिकारी, वर जिल्ह्याला डीएचओ म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकारी. पण ग्रामीण रुग्णालय (साधारण 30 खाटांचं असतं) आणि उपजिल्हा रुग्णालय ही थेट राज्य सरकारची, त्यांचा साहेब सिव्हिल सर्जन, म्हणजे जिल्हा शल्य चिकित्सक. लोक नेमके इथंच चुकतात, ग्रामीण रुग्णालयाची तक्रार घेऊन पंचायत समितीत जातात, तिथला माणूस म्हणतो हे आमच्याकडं येत नाही, आणि तो खरंच बोलत असतो.

108 ची अ‍ॅम्ब्युलन्स ही तिसरीच व्यवस्था. 2014 पासून सुरू आहे, पैसा सरकारचा, चालवायला ठेकेदार कंपनी, आणि गाडीत डॉक्टर असावा अशी आपल्याकडची रचना. 102 वेगळी, ती गरोदर बायका, बाळंतिणी आणि तान्ह्या बाळांसाठी, आणि ती बहुतेक वेळा पीएचसीच्याच आवारात उभी असते. दोन्ही फुकट आहेत, डिझेलला पैसे मागितले तर द्यायचे नाहीत.

आता तयारी, आणि ही शांतपणे एखाद्या दिवशी दुपारी करायची, रात्री नाही. पीएचसीत जाऊन भिंतीवरचे बोर्ड वाचा, मेडिकल ऑफिसर आणि टीएचओचे नंबर तिथं लिहिलेले असले पाहिजेत, फोटो काढून घ्या. मग फार्मासिस्टला विचारा की सापाच्या विषावरचं इंजेक्शन, म्हणजे एएसव्ही (अँटी स्नेक व्हेनम), त्याच्या किती वायल (छोट्या बाटल्या) आहेत. ‘आहे का’ असं विचारू नका, ‘किती’ विचारा. विषारी साप चावल्यावर पहिल्या डोसलाच आठ-दहा वायल लागतात, त्यामुळं फ्रीजमध्ये दोन वायल असतील तर ‘आहे’ हे उत्तर खोटं नसतं पण पेशंटच्या काही कामाचंही नसतं. एक्सपायरी कधीची आहे, लाईट गेल्यावर फ्रीजचं काय करता, हेही विचारा. चांगला फार्मासिस्ट रजिस्टर उघडून दाखवतो. दाखवलं नाही तर भांडू नका, साध्या कागदावर माहिती अधिकाराचा अर्ज करा, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि मागच्या सहा महिन्यांच्या साठा रजिस्टरची प्रत मागा, 30 दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. असा एक अर्ज गेला की पुढच्या वेळी साठा कमी व्हायच्या आधीच मागणी जाते.

रात्री खरंच वेळ आली तर एकानं 108 लावायचा आणि गाव, वस्ती, जवळची ओळखीची खूण (शाळा, मंदिर, पाण्याची टाकी) सांगायची, दुसऱ्यानं पेशंटला घेऊन रस्त्यापर्यंत यायचं. कॉलची वेळ मोबाईलमध्ये राहतेच, कॉल लॉग डिलीट करू नका. गाडी लांब आहे असं कळलं तर वाट बघत बसू नका, खाजगी गाडीनं निघा आणि निघतानाच पुढच्या दवाखान्यात फोन करून ठेवा.

दवाखान्यात पोचल्यावर सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नोंद. केस पेपर काढा. ‘इथं जमणार नाही, पुढं न्या’ म्हणाले तर रेफर चिठ्ठी मागा, त्यावर आल्याची वेळ, दिलेले उपचार आणि पुढं का पाठवलं हे लिहून घ्या. ही चिठ्ठी पुढच्या डॉक्टरला लागतेच, पण नोंदच नसेल तर उद्या तुम्ही तिथं आला होता हेसुद्धा सिद्ध होत नाही, आणि माझ्या मते निम्म्या तक्रारी इथंच मरतात.

खाजगीत जावं लागलं तर एवढं लक्षात ठेवा. सुप्रीम कोर्टानं 1989 मध्ये परमानंद कटारा केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की सरकारी असो की खाजगी, जीव वाचवणं ही डॉक्टरची पहिली जबाबदारी, पोलीस केस आहे म्हणून थांबायचं नाही. महाराष्ट्रातल्या नर्सिंग होमच्या नियमांत 2021 मध्ये दुरुस्ती झाली, त्यात दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं आलं, बिल राहिलं म्हणून मृतदेह अडवता येत नाही हेही आलं. यावर देखरेख ग्रामीण भागात सिव्हिल सर्जनची आणि महापालिका हद्दीत पालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याची. हॉस्पिटल धर्मादाय असेल तर 10 टक्के खाटा निर्धन आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात, इमर्जन्सीत डिपॉझिटसाठी अडवता येत नाही, आणि तक्रार धर्मादाय आयुक्तांकडं जाते.

तक्रार करताना लांबलचक गाऱ्हाणं नको. तारीख, वेळ, कोण ड्युटीवर होतं, काय मिळालं नाही, एवढंच एका पानात लिहा, केस पेपरची झेरॉक्स जोडा, आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय ऑफिसातून हलू नका. पीएचसी असेल तर टीएचओ, प्रत डीएचओला. ग्रामीण रुग्णालय असेल तर तिथले वैद्यकीय अधीक्षक, प्रत सिव्हिल सर्जनला. तिथं दाद लागली नाही तर आपले सरकार पोर्टल आहे, आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी कलेक्टर ऑफिसात लोकशाही दिन असतो, त्याचा अर्ज 15 दिवस आधी द्यावा लागतो.

पण प्रत्येक वेळी दोष तिथल्या डॉक्टरचा नसतो हेही सांगितलं पाहिजे. दोन जागा मंजूर, त्यातली एक रिकामी, आणि उरलेल्या एकानं दिवसा ओपीडी करून रात्री बाळंतपणं बघायची, असं खूप ठिकाणी आहे. अशा वेळी माणसाविरुद्ध नाही तर रिकाम्या जागेविरुद्ध अर्ज करा, आणि तो ग्रामसभेचा ठराव म्हणून गेला तर जास्त वजन पडतं. रुग्ण कल्याण समितीकडं निधी असतो, इन्व्हर्टरची बॅटरी किंवा फ्रीजची दुरुस्ती अशी कामं त्यातून होऊ शकतात, मीटिंग कधी होते ते मेडिकल ऑफिसरलाच विचारा कारण समितीचा सचिव तोच असतो. पावसाळा सुरू व्हायच्या आधीच्या ग्रामसभेत एएसव्हीचा साठा आणि रिकामी पदं हे दोन विषय लेखी द्या, म्हणजे ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (आधीचा ग्रामसेवक) ते प्रोसिडिंगला घ्यावे लागतात.